आईच्या शेतावर उभं राहिलेलं हॉटेल

नमस्कार मंडळी. आज मला एका हॉटेलवालीबद्दल बोलायचंय. सिल्व्हिया वूड्स. मी सिल्व्हियाबाईच म्हणणार, कारण त्यांच्याबद्दल वाचून वाचून त्या मला आपल्या आळीतल्या कुणीतरी मोठ्या बाई वाटायला लागल्यात. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये, म्हणजे काळ्या लोकांच्या जुन्या वस्तीत, लेनॉक्स अव्हेन्यूवर, 'सिल्व्हियाज' नावाचं हॉटेल आहे. १ ऑगस्ट १९६२ ला सुरू झालं, आजही चालू आहे.

पण सुरुवात शेतापासून करू. अमेरिकेच्या दक्षिणेत, साउथ कॅरोलिना राज्यात, हेमिंग्वे नावाचं छोटं गाव, तिथे १९२६ साली बाईंचा जन्म. बाप पोरगी काही दिवसांची असतानाच गेला. आई ज्युलिया तिला आजीकडे ठेवून न्यूयॉर्कला लोकांचे कपडे धुवायला गेली, पैसे साठवले, परत आली आणि गावात जमीन केली. ऐकायला सोपं वाटतं ना? पण तो काळ बघा, तो भाग बघा. गुलामगिरी कागदावर संपून साठ-सत्तर वर्षं झालेली, तरी दक्षिणेतली असंख्य काळी कुटुंबं दुसऱ्याच्या जमिनीत वाट्याने राबत होती, बी-बियाणं मालकाकडून उसनं, हंगाम संपला की हिशोब मालकाच्याच वहीत, आणि त्या वहीतलं कर्ज काही केल्या फिटायचं नाही. तिथे एका विधवा बाईने धुण्याच्या पैशातून स्वतःचं शेत उभं केलं. हे शेत लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सिल्व्हियाबाईंना अकराव्या वर्षी शेतात शेंगा तोडताना हर्बर्ट भेटला, तो बारा वर्षांचा. १९४४ ला लग्न. मग लाखो काळ्या कुटुंबांसारखे हेही उत्तरेला न्यूयॉर्कला आले. १९१० ते १९७० या काळात जवळजवळ साठ लाख माणसं अशी दक्षिण सोडून गेली, आणि जाताना कुणी काय नेलं असेल तर जिभेवरची चव.

१९५४ ला बाई हार्लेममध्ये 'जॉन्सन्स लंचनेट' नावाच्या छोट्या हॉटेलात वेट्रेस म्हणून लागल्या. आणि मला ही गोष्ट कितीही वेळा वाचली तरी आत कुठेतरी लागते, त्यांनी तोवर हॉटेलात पाऊलच ठेवलेलं नव्हतं. गावाकडे गोऱ्यांच्या हॉटेलात काळ्या माणसाला टेबलावर बसूच देत नसत. म्हणजे जी बाई पुढे पन्नास वर्षं लोकांना 'या, बसा' म्हणणार होती, तिला स्वतःला तोवर कुणी 'बसा' म्हटलेलं नव्हतं.

आठ वर्षं काम केलं. मग मालकाला दुसऱ्या धंद्यासाठी पैशाची गरज पडली, तो म्हणाला, तूच घे. साधारण वीस हजार डॉलर हवे होते. आणायचे कुठून? बाईंनी आईला सांगितलं, आणि आईने शेत गहाण ठेवलं. तेच शेत. मुलीच्या काउंटरवरच्या पंधरा स्टुलांसाठी आणि सहा बाकड्यांसाठी.

आता त्या काउंटरवर काय मिळायचं ते सांगतो, कारण तिथेच सगळं आहे. रिब्ज, तळलेलं चिकन, कॉर्नब्रेड, चवळी, कॉलर्ड ग्रीन्स. या जेवणाला सोल फूड हे नाव साठच्या दशकात पडलं, जेवण मात्र गुलामगिरीतलं. मालक रेशन म्हणून मक्याचं पीठ आणि डुकराचे नको असलेले भाग द्यायचा, त्यातून बायकांनी हे उभं केलं. चवळी तर मूळची आफ्रिकेतलीच, तिथून एका वाटेने आपल्याकडे आली, दुसऱ्या वाटेने गुलामांच्या जहाजांबरोबर अमेरिकेत गेली. आपण उसळ करतो ती चवळी आणि हार्लेममधली चवळी सख्ख्या बहिणी आहेत.

आणि ते कॉलर्ड ग्रीन्स. पानं जाड, चिवट, कोबीच्या घरातलीच. मधला देठ काढायचा, पानं एकावर एक ठेवून गुंडाळायची, चिरायची, तीन-तीन पाण्यातनं धुवायची कारण माती सुटत नाही, मग धुरावलेल्या मांसाच्या तुकड्याबरोबर मंद आचेवर तास-दीड तास शिजू द्यायची. तळाशी जो हिरवट, खारट, धुराच्या वासाचा रस उरतो त्याला पॉट लिकर म्हणतात. फेकत नाहीत हं! त्यात कॉर्नब्रेड कुस्करून खातात, आपण कालवणात भाकरी कुस्करतो अगदी तसं. दिवसभर राबून आलेला, गाव आठशे-हजार किलोमीटर मागे टाकून आलेला माणूस तो पहिला घास घेत असेल तेव्हा त्याला काय वाटत असेल, याचा विचार करून बघा. आपल्याकडे गिरणगावातल्या खानावळींनी कोकणातनं, घाटावरनं आलेल्या माणसाला हेच दिलं, म्हणून मला हे परकं वाटत नाही.

सत्तरच्या दशकात न्यूयॉर्क शहराचंच दिवाळं निघायची वेळ आली, हार्लेममधली घरं ओस पडली, दुकानं बंद झाली, ज्यांना जमलं ते निघून गेले. बाई राहिल्या. नुसत्या राहिल्या नाहीत, शेजारच्या जागा घेत घेत हॉटेल वाढवलं, पुढे तिथे साडेचारशे माणसं बसायला लागली. मुलं धंद्यात, नातवंडं धंद्यात, आणि रविवारी चर्च सुटलं की वस्तीतले लोक ठेवणीतले कपडे घालून थेट तिथे. १९७९ ला गेल ग्रीन या समीक्षिकेने त्यांना सोल फूडची राणी म्हटलं, मग टुरिस्ट बस आल्या, पुढारी आले, २००७ मध्ये प्रचारातले ओबामासुद्धा येऊन जेवले. ते सगळं ठीक आहे, पण मला मोठं वाटतं ते हे की मोठी माणसं यायला लागली म्हणून वस्तीतल्या माणसाचं टेबल गेलं नाही. २००१ ला हर्बर्ट गेले, आणि दोघांच्या नावाने हार्लेममधल्या मुलांसाठी स्कॉलरशिप सुरू झाली.

ऐंशीव्या वर्षी त्यांनी कारभार मुलांकडे सोपवला. १९ जुलै २०१२ ला त्या गेल्या, वय ८६. हॉटेलला पन्नास वर्षं होत होती म्हणून शहराच्या महापौरांनी त्याच दिवशी त्यांचा सत्कार ठेवला होता. पोस्टर लागले होते, पाहुण्यांना निमंत्रणं गेली होती असलं मी काही रंगवून सांगणार नाही, एवढंच सांगतो की तो सन्मान घ्यायला त्या नव्हत्या, त्यांच्या वतीने तो दुसऱ्यांनी स्वीकारला, आणि लेनॉक्स अव्हेन्यूवर चवळी रोज शिजतच राहिली.