कुप्याची पिल्लं आणि उपाशी दर्या

नमस्कार श्रोतेहो. होड्या शाकारून किनाऱ्याला लागल्या आहेत. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी, कारण पावसात आपली बरीच मासळी अंडी घालते. अंड्यातून निघालेल्या पिल्लाला इथे खायची ददात नसते. खाड्यांचं खतावलेलं पाणी समुद्रात उतरतं, सूक्ष्म वनस्पती माजतात, त्यांवर प्राणीप्लवक, म्हणजे पाण्याबरोबर वाहणारे बारीक प्राणी, पोसतात. आपला जवळासुद्धा त्याच गोतावळ्यातला, आणि जवळ्यावर बोंबील.

मला नवल वाटतं ते कुप्याचं, म्हणजे ट्यूनाचं. त्यातला दक्षिणी ब्लूफिन थंड, सुपीक पाण्यात चरतो आणि अंडी घालायला येतो जावा बेट आणि वायव्य ऑस्ट्रेलिया यांच्या मधल्या समुद्रात. त्याची माहीत असलेली विणीची जागा ही एकच. पाणी निळंशार. निळंशार म्हणजे नापीक! तिथे पिल्लांना गिळणारी तोंडंही कमी, म्हणून ही निवड, असा अभ्यासकांचा कयास आहे.

पण खायचं काय? नॉर्वेच्या योहान यॉर्ट यांनी १९१४ सालीच मांडलं होतं की बलक संपताच पहिला घास मिळाला तरच पिल्लू तगतं. कुप्याच्या त्या निळ्या पाण्यातल्या बऱ्याचशा वनस्पती मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून बारीक. त्या बहुतेक कोपेपॉडांच्या, म्हणजे कोळंबीच्या गोतातल्या इवल्या प्लवकांच्या, हाती लागत नाहीत. आधी एकपेशीय जीव त्यांना खाणार, त्यांना त्याहून मोठे, मग कोपेपॉड, मग पिल्लू. दर पायरीला साधारण दहावा हिस्साच पुढे सरकतो. लिलावातल्या दलालांसारखं, प्रत्येकजण आपलं काढून घेतो.

यातून एक आडवाट निघते. अ‍ॅपेंडिक्युलेरियन नावाचा शेपटीवाला जीव स्वतःभोवती बुळबुळीत घर विणतो. त्या घरालाच गाळणी. अतिसूक्ष्म पेशी तो थेट गाळून खातो. गाळणी तुंबली की घर टाकून नवं बांधतो, दिवसातून कितीतरी वेळा. (घरबांधणीचा हा वेग आपल्याकडे कुणाला जमेल?) टाकलेलं घर बुडतं आणि खालच्यांचं अन्न होतं. काही ट्यूनांच्या पिल्लांच्या पोटात हे जीव पुष्कळ सापडतात. मधले दोन-तीन हात वगळलेच की!

कुप्याचं पिल्लू डोळ्यांनी हेरून खातं, म्हणून शिकार दिवसाउजेडी. तोंड जरा मोठं झालं की प्लवकांवर भागत नाही. मग शेजारची इतर माशांची पिल्लं, आणि वेळ पडली तर सख्खी भावंडंही.