खडपावरची टोपी

नमस्कार, श्रोतेहो.

ओहोटीला खडपावर कालवं काढणाऱ्या बायकांच्या मागे कधी उभे राहिला असाल, तर कातळाला चिकटलेल्या छोट्या चपट्या टोप्या तुमच्या नजरेस पडल्या असतील. वर टोक, त्यातून कडेकडे गेलेल्या रेघा. ही गोगलगाईचीच नातलग. शास्त्रज्ञ हिला लिम्पेट म्हणतात. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आढळते ती सेलाना रेडियाटा. कालव एकदा चिकटलं की जन्मभर तिथंच. लिम्पेट मात्र चालतं, आणि चालून घरी परत येतं.

ब्रिटनच्या किनाऱ्यावरच्या पटेला व्हल्गाटा या जातीत हे फार छान पाहायला मिळतं. पाणी चढलं की ती शेवाळ खरवडत फिरते, आणि पुन्हा आपल्या जागी येऊन बसते. जागाही कशी? कवचाची कड त्या खडकाच्या उंचसखलपणाशी जुळलेली. खडक मऊ असला तर खडकच झिजून तिथं गोल ठसा पडतो. डब्याला त्याचंच झाकण बसावं तसं. त्यामुळे आतली ओल टिकते आणि उन्हात जीव वाचतो.

खरवडायला जिभेवर दातांच्या रांगा असतात, सुताराच्या कानशीसारख्या. पुढचे झिजले की मागून नवे सरकतात. या दातांत गोएथाइटचे अतिसूक्ष्म तंतू असतात. हे लोहखनिज गोव्याच्या खाणींतही सापडतं, आणि नाव मात्र जर्मन कवी गटेचं! 2015 साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी हे दात ताणून पाहिले, तर कोळ्याच्या रेशमापेक्षाही ते मजबूत निघाले.

एवढ्याशा जिवानं खरवडून काय होतं? 1967 च्या मार्चमध्ये टॉरी कॅन्यन हे तेलवाहू जहाज इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलजवळ फुटलं. तेल धुवायला किनाऱ्यावर रसायनं ओतली, आणि तेलापेक्षा त्या रसायनांनीच लिम्पेटं जास्त मेली. खरवडणारं कुणी उरलं नाही, तेव्हा उघडे खडक आधी हिरव्या आणि मग तपकिरी शेवाळानं गच्च झाकले गेले. त्या ओलाव्यात नवी पिल्लं बेसुमार वाढली, शेवाळ फस्त झालं. मग उपाशी लिम्पेटं आपापली घरं सोडून, ओळी करून, खडकावरून चालत निघाली.