कडुनिंबाखालची हिरवी गादी

मे महिना. लातूर जिल्ह्यातलं एक खेडं. वाड्याबाहेरच्या काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडल्यात. आत अंगणात मात्र, कडुनिंबाच्या सावलीला, घडवंचीवरच्या रांजणाभोवती माती कुठं दिसतच नाही. सगळीकडं गोलसर पानं, देठाजवळ खाच, कडेला बारीक दाते. ही मंडूकपर्णी. कुणी हिला कारिवणा म्हणतं, बरेचजण नुसतंच ब्राह्मी.

झाडाखाली लॉन लावायचा हट्ट आपल्याकडं फार. पण हरळीच्या जातीच्या गवताला ऊन लागतं. सावलीत ते विरळ होतं, पिवळं पडतं, आणि दोनेक वर्षांत कंटाळून लोक तिथं पेव्हर ब्लॉक टाकतात. मग पावसाचं पाणी मुळाशी मुरायचं थांबतं आणि जुनं झाड वाळायला लागतं. शहरातल्या कितीतरी अंगणांत हे होताना दिसतं, आणि दर वेळी जीव हळहळतो.

मंडूकपर्णीचं गणित वेगळं. हिला गाळून आलेलं ऊन मानवतं. भर उन्हात पानं बारीक आणि लालसर होतात. गर्द अंधारात देठ नुसते लांबत जातात. कडुनिंबाची सावली मधली, म्हणून इथं ती खुलते.

जरा जवळून बघू. जमिनीलगत सरपटणारा हा धाग्याएवढा धुमारा. हळूच उचलला, की प्रत्येक पेराशी वर पानांचा झुबका आणि खाली पांढऱ्या मुळ्यांचा पुंजका. म्हणजे प्रत्येक पेर हे एक स्वतंत्र रोपच. पानं बाजूला सारली तर अगदी मातीला टेकलेली गुलाबी-जांभळट फुलं दिसतात, ज्वारीच्या दाण्याहूनही लहान. वरून कधीच दिसत नाहीत.

लागवड मृगात करायची. चांगलं कुजलेलं शेणखत आणि थोडी जाड वाळू काळ्या मातीत मिसळायची, पण वरवर, खुरप्यानं. कुदळ घातली तर झाडाची मुळं तुटतात. मुळ्या फुटलेले पेर वीतभर अंतरावर दाबायचे. खरी मेहनत त्याच्या आधीची आहे, लव्हाळा काढायची. या घरातल्या काकू सांगतात, "एक गाठ जरी मातीत राहिली ना, दिवाळीपस्तोर सगळा लव्हाळाच हुतंय बघा." त्या गाठी चाळणीनं माती चाळून काढतात.

आता पाण्याचं. ज्या लातूरला 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं शोभेच्या झाडाला नळ सोडा असं कोणत्या तोंडानं सांगायचं? इथं कुणी नळ सोडतही नाही. रांजणातून पाझरतं ते पाणी, तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी, भाजी धुतलेलं पाणी, एवढ्यावर ही गादी तग धरते. मोरीचं साबणाचं पाणी मात्र इकडं वळवलेलं नाही. त्यातला सोडियम काळ्या मातीत साचला, की माती दगडासारखी आवळते. शिवाय ही पानं चटणीत पडतात. कूलरच्या टाकीच्या तळाचं पाणीही नको. पाणी उडून जातं, क्षार मागं राहतात, आणि आपल्या बोअरचं पाणी मुळातच जड.

उन्हाळ्यात पानं आक्रसतात, कडा करपतात. घाबरू नये. पेराशी ओल असली, की पहिल्या सरीनंतर नवे धुमारे सुटतात. माघ-फाल्गुनात कडुनिंबाचा पाला पडतो, तो हातानं उचलायचा. खराटा मारला तर वेली उपटून येतात. आणि ही सतत तुडवायची जागा नव्हे, म्हणून येण्याजाण्याच्या वाटेवर शहाबादी फरशीचे तुकडे टाकलेत.

एक शत्रू मात्र मोठा आहे. शंखी गोगलगाय. 2022 च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिवमध्ये हिनं कोवळं सोयाबीन फस्त केलं. शेतकऱ्यांना पुन्हा पेरणी करावी लागली. ओली सावली हे तिचं माहेरच. पावसाळ्यात इथं संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट अंथरतात. सकाळी उलटलं, की खाली गोगलगायी जमलेल्या असतात. हातात पिशवी चढवून त्या वेचायच्या आणि मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाकायच्या. विषारी गोळ्या या घरात वापरत नाहीत, कारण पानं पोटात जातात आणि अंगणात कोंबड्या फिरतात.

रोप आणताना पान बघून घ्या. ब्राह्मी याच नावानं नीरब्राह्मीही मिळते. तिची पानं छोटी, मांसल, लांबट असतात, आणि तिला ओल याहून जास्त लागते.

मृग लागला, की शेजारपाजारचे लोक काकूंकडं धुमारे मागायला येतात. काकू नाही म्हणत नाहीत. पण तोडून द्यायच्या आधी एक विचारतात, "तुमच्याकडं भाजी धुतलेलं पाणी कुठं सांडतंय?" जागा तिथंच दाखवतात.