गाडी गॅरेजात आली की शहाणी होते

श्रोतेहो, नमस्कार.

कणकवलीजवळ माझं छोटं गॅरेज आहे. बंद पडलेल्या गाडीचं मला कधी टेन्शन येत नाही. ती बिचारी समोर उभी असते, सापडते. डोकं खाते ती अधूनमधून हिसके देणारी. मालवणचे एक गुरुजी यायचे. "मेस्त्रीनू, सत्तरच्या वर गेली की मधीच हिसको मारता." मी चावी घेऊन फेरी मारून यायचो, तर गाडी लोण्यासारखी. गुरुजी कपाळाला हात लावायचे. "तुमच्याफुडे बरी शाण्यासारखी चलता!"

पूर्वी हा रोग आमच्याकडे फारसा यायचाच नाही. खड्ड्यांतून एका वेगाने पाच मिनिटं गाडी चालवणार कोण? चौपदरी काँक्रीट झालं, कसाल-कुडाळ पट्ट्यात पाय एका जागी ठेवून जाता यायला लागलं आणि लपलेली दुखणी वर आली.

माझ्याकडे येईपर्यंत गुरुजींच्या गाडीचे प्लग, पेट्रोल फिल्टर आणि पंपसुद्धा बदलून झाला होता. हिसका जागच्या जागी. अंदाजाने पार्ट बदलत जायचं आणि त्याला दुरुस्ती म्हणायचं, ही आमच्या धंद्याची जुनी खोड आहे. मी गुरुजींना पार्ट नाही, वही दिली. हिसका आला की वेग किती, चढ की सपाट, पाऊस की ऊन, इंजिन किती वेळ चाललेलं, एसी चालू होता का, एवढंच लिहायचं. तेही शेजारी बसलेल्या बाईंनी, चालवणाऱ्याने नाही.

आठवड्याने वही आली. सगळे हिसके सपाट रस्त्यावर, सत्तर-ऐंशीच्या मध्ये, पाय स्थिर असताना. पाय दाबला की गायब, सोडला की गायब. घाटाच्या चढावर एकदाही नाही. आता बघा, चढावर इंजिनाला पेट्रोल सगळ्यात जास्त लागतं आणि प्लगच्या ठिणगीची कसोटीही तिथेच लागते. तिथे गाडी पास होते, म्हणजे पंपावर खर्च केलेले पैसे पाण्यात गेले होते.

मग उरलं काय? तुमच्या घरातला जुना रेडिओ आठवा. आवाजाचं बटण फिरवताना एकाच ठिकाणी खरखर होते, कारण वर्षानुवर्षं आपण ते तिथेच ठेवलेलं असतं. आतली पट्टी तेवढीच झिजते. केबलचा ॲक्सिलरेटर असलेल्या बऱ्याच जुन्या गाड्यांत थ्रॉटलच्या, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेच्या, दांड्यावर अगदी तसाच सेन्सर असतो. झडप किती उघडली ते तो कॉम्प्युटरला व्होल्टेजमध्ये सांगतो: बंद असताना साधारण अर्धा व्होल्ट, पूर्ण उघडल्यावर साडेचारच्या आसपास. मी काट्याचा जुना मीटर लावला. हा आकड्यांच्या मीटरपेक्षा इथे बरा, कारण क्षणभराची उडी डोळ्यांना दिसते. झडप हळूहळू उघडत गेलो. काटा छान चढत होता आणि एका जागी धपकन खाली येऊन परत वर गेला. गुरुजींचा पाय रोज जिथे असायचा, नेमका तिथे.

वहीत दुसरं काही असतं तर मी दुसरीकडे शोधलं असतं. फक्त पावसात होत असेल तर ठिणगीसाठी वीज देणारी कॉइल, प्लगच्या वायरी आणि कनेक्टर बघायचे. आपल्या खाऱ्या हवेत पिनांवर हिरवा थर धरतो, तो वरून दिसत नाही. उंदरांनी कुरतडलेली वायर तर घरोघरची. अर्धा तास चालून इंजिन तापल्यावरच होत असेल तर कॉइल किंवा इंजिनाचं फिरणं मोजणारा क्रँक सेन्सर, कारण थंड झाल्यावर हे दोन्ही साळसूद होतात. ऑटोमॅटिक गाडी असेल तर मागे कोणी नाही बघून, पाय ॲक्सिलरेटरवर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करून बघा. थरथर तेवढ्यात थांबली तर दुखणं बहुधा इंजिनाचं नाही, इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणाऱ्या लॉक-अप क्लचचं आहे.

आणि कृपा करून, गॅरेजला येण्याआधी बॅटरीची वायर काढून इंजिनाचा दिवा घालवू नका. बिघाडाच्या कोडबरोबर त्या क्षणाचा वेग, तापमान, इंजिनावरचा भार गाडीच्या मेमरीत राहतो, वायर काढली की पुसला जातो. स्कॅनरवर पी ०३०० हा कोड आला तर मिसफायर आहे, म्हणजे इंजिनात पेट्रोल नीट पेटत नाही, एवढं कळतं, कशामुळे ते नाही. ते शोधायला ही माहिती लागते. दिवा लुकलुकायला लागला तर मात्र पाय काढा, वेग कमी करा. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडच्या, धूर साफ करणाऱ्या कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो खर्च मोठा असतो.

गुरुजींची वही माझ्याकडेच राहिली. पुढच्या पानावर सध्या देवगडच्या एका टेम्पोवाल्याचे झटके चालू आहेत. रिकामा टेम्पो सुसाट जातो म्हणे, आंब्याच्या पेट्या भरल्या आणि चढ लागला की दम सोडतो. उद्या डिझेल फिल्टर उघडून बघतोय.

नमस्कार.