ताणलेला धागा आणि ढकलणारं गुरुत्वाकर्षण

नमस्कार मंडळी! मागं खडखडाट ऐकू येतोय ना? सोलापुरात यंत्रमागाच्या शेडच्या दारात उभा आहे. आत ताण्याचे धागे बघा, दोन्हीकडून ओढलेले. सायकलच्या ट्यूबमधली हवा ट्यूबला बाहेर ढकलते, तो दाब. धागा उलट दोन्ही टोकांना आत खेचतो. गणितात तोही दाबच, फक्त उणे. ऋण दाब म्हणजे साधा ताण.

पाणीसुद्धा ताणता येतं. काठावरचा पंप पाणी शोषून १० मीटरच्या वर ओढू शकत नाही, म्हणून तर आपण बोअरमध्ये मोटार खाली सोडतो. मग १०० मीटरहून उंच रेडवूड झाडाच्या शेंड्याला पाणी पोचतं कसं? पानातून वाफ उडते, आणि वरून पाण्याचा अख्खा धागा ओढला जातो. रेणू एकमेकांचा हात सोडत नाहीत. खोडातल्या नळ्यांत दाब शून्याच्याही खाली जातो!

आता आइन्स्टाइन. त्याच्या हिशेबात गुरुत्वाकर्षण नुसत्या वस्तुमानातून येत नाही. ऊर्जेची घनता, अधिक दाब तीन वेळा. तीनदा का? दिशा तीन म्हणून. म्हणजे दाब पुरेसा उणे असेल तर बेरीजच उणे, आणि ओढायच्या जागी ढकलणं.

शेडच्या मालकांनी लगेच विचारलं, "मग धागा लई ताणला तर माग उडंल का ओ?" त्याआधी धागा तुटंल, मालक. प्रयोगशाळेत पाणी उणे १४०० वातावरणांपर्यंत ताणलंय; एक वातावरण म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेचा दाब. गुरुत्वाकर्षणानं ढकलावं तर लागतील उणे ३०० लाख कोटी वातावरणं. साध्या पदार्थाचं हे कामच नाही.

पण रिकाम्या जागेचं असू शकतं. १९९८ मध्ये दूरच्या सुपरनोव्हांवरून, म्हणजे फुटणाऱ्या ताऱ्यांवरून, कळलं की विश्वाचं प्रसरण वेग घेतंय. सगळ्यात सरळ अंदाज असा: जागेचीच ऊर्जा आहे, आणि जागा वाढली तरी तिची घनता घटत नाही. असं असेल तर दाब घनतेइतकाच, पण उणे. करा हिशेब: घनता एक धरा, दाब उणे एक, तो तीनदा; एक वजा तीन, उणे दोन.

इथं बरेच जण घसरतात, मीही घसरलो होतो. ताण तर आत ओढतो, मग विश्व फुगतं कसं? धाग्याचा मधला तुकडा बघा. डावीकडून जेवढी ओढ, तेवढीच उजवीकडून. तो जागचा हलत नाही. खेच जाणवते ती टोकाला. जागेचा ताण सगळीकडे सारखा, त्यामुळं ओढाओढ फिटते. उरतं फक्त गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबातलं ते उणे दोन.