पौषातला ऑइल पेंट

गोष्ट आहे ती नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यातली. डिसेंबर-जानेवारीत येथील पारा एखाद्या पहाटे 5 अंश सेल्सिअसच्याही खाली उतरतो आणि द्राक्षबागायतदार घड वाचवण्यासाठी बागांमध्ये शेकोट्या पेटवतात. घरे रंगवण्याची घाईही याच दिवसांत असते, कारण पौषात सहसा लग्ने होत नाहीत आणि माघातल्या मुहूर्तापूर्वी घर तयार हवे असते. बाकीच्या खोल्यांना आता बहुतेक जण पाण्यात मिसळणारा रंग देतात. मात्र फोडणीचे तेल आणि हातांचे डाग सोसणाऱ्या स्वयंपाकघराच्या भिंतीला, तसेच जिन्यातल्या खालच्या पट्ट्याला, अजूनही ऑइल पेंटच पसंत केला जातो. थंडीत बिघडते ते हेच काम.

ऑइल पेंट वाळतो तो दोन टप्प्यांत. आधी त्यातले टर्पेंटाइन उडून जाते. वास ओसरतो आणि रंग वाळल्यासारखा दिसू लागतो. खरे काम त्यानंतरचे असते. जवस किंवा सोयाबीनच्या तेलापासून बनवलेली अल्किड राळ हवेतला ऑक्सिजन घेते, तिचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि मगच थर कडक होतो. ही रासायनिक क्रिया असल्यामुळे तापमान 10 अंशांनी उतरले की तिचा वेग ढोबळमानाने निम्म्यावर येतो. दुसऱ्या हातापूर्वी किती थांबावे, याचा डब्यावर छापलेला वेळ साधारणपणे उबदार हवेसाठीचा असतो. 30 अंशांना जे रात्रभरात होते, त्याला 10 अंशांना दीड-दोन दिवस लागू शकतात. त्याहूनही गार भिंतीवर ऑइल पेंट लावूच नये, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

येथे भिंत हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण मोबाइलवर दिसणारे तापमान गावाच्या हवेचे असते, आणि उत्तरेकडची, ऊन न लागणारी विटांची भिंत खोलीतल्या हवेपेक्षा कितीतरी अंशांनी गार राहू शकते. खोलीत 20 अंश तापमान आणि 70 टक्के आर्द्रता असेल, तर साधारण 14 अंशांच्या पृष्ठभागावर दव धरू लागते. सकाळी अंघोळीचे पाणी तापते, चहा उकळतो, भात शिजतो. ती वाफ जाऊन बसते ती याच भिंतीवर. हाताला जेमतेम जाणवणारी ही ओल ताज्या रंगाची चकाकी मारते, आणि रंगाखाली राहिली तर पुढे पोपडे सुटतात. म्हणून भिंतीचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान 3 अंश वर असेल तेव्हाच ब्रश हातात घ्यावा, असा नियम आहे. व्यवहारात त्याचा अर्थ असा की, सकाळी अकराच्या सुमारास काम सुरू करावे आणि दुपारी तीनच्या आत ब्रश धुवून ठेवावा. मजुरीच्या हिशेबाने हे कुणालाच परवडत नाही, हे मान्य करूनही, गार भिंतीवर संध्याकाळचा हात मारणे म्हणजे तेच काम पुन्हा ओढवून घेणे होय.

गारठ्यात रंग डब्यातच घट्ट होतो आणि ब्रश ओढावा लागतो. अशा वेळी कारागीर टर्पेंटाइन वाढवतो, क्वचित स्वस्त पडते म्हणून रॉकेलही ओततो. टर्पेंटाइनच्या अतिरेकाने रंग पातळ होऊन ओघळतो आणि झाकत नाही. रॉकेल सावकाश उडते, म्हणून रंग अधिकच चिकट राहतो. बंद डबा कोमट पाण्याच्या बादलीत अर्धा तास ठेवला तरी रंग पुरेसा सैल होतो. तो शेगडीवर मात्र कधीही ठेवू नये, कारण टर्पेंटाइनच्या वाफा सहज पेट घेतात. खोली उबदार राहावी म्हणून आत कोळशाची शेगडी पेटवून दारे-खिडक्या लावणे तर दुहेरी धोक्याचे आहे. आगीची भीती असतेच, शिवाय कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो.

रंग लवकर वाळावा म्हणून वरून ड्रायर हे रसायन घालण्याचा मोहही आवरलेला बरा. कोबाल्टचा ड्रायर प्रामुख्याने वरच्या पृष्ठभागावर काम करतो. त्यामुळे तापलेल्या दुधासारखी रंगावर साय धरते, खालचा थर ओलाच राहतो आणि काही तासांत सुरकुत्या उमटतात. जाड हात मारला तरी हेच घडते. थंडीत दोन जाड हातांऐवजी तीन पातळ हात द्यावेत आणि प्रत्येक हातानंतर अंगठा दाबून, किंचित पिळून पाहावे. ठसा उमटला किंवा थर सरकला, तर आणखी एक दिवस थांबावे. पॉलिश पेपर घासताना कोरडी पूड पडण्याऐवजी गोळ्या होत असतील, तर उत्तर तेच आहे. घराला जुना रंग असेल, तर तो कोरडा घासू नये. घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) कायदेशीर मर्यादा लागू झाली ती 1 नोव्हेंबर 2017 पासून. त्यापूर्वीच्या थरांत शिसे बरेच असू शकते.

दुपारी खिडक्या उघड्या ठेवाव्यात, म्हणजे वाफा बाहेर जातात आणि ऑक्सिजन आत येतो. ऊन उतरताच त्या लावून घ्याव्यात. शेवटच्या हातानंतरही थर पुरता कडक व्हायला काही आठवडे लागतात. तोवर कपाटे आणि मांडणी भिंतीपासून वीतभर दूर ठेवावी, आणि साबणाच्या पाण्याने भिंत पुसणे किमान महिनाभर टाळावे.