लाल देवळाच्या विटा आणि चुना

श्रोतेहो, नमस्कार.

पुणे कॅम्पात मोलेदिना रस्त्याने जाताना लाल विटांचा उंच मनोरा दिसतो, त्यावर घड्याळ आहे. नवख्याला ते चर्च वाटतं. पुणेकर त्याला लाल देऊळ म्हणतात. हे ज्यू लोकांचं प्रार्थनास्थळ, ओहेल दाविद सिनेगॉग.

बगदादहून मुंबईत येऊन व्यापारात मोठे झालेले डेव्हिड ससून यांनी १८६३ साली या कामाला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी पुण्यात त्यांचं निधन झालं आणि वास्तू १८६७ मध्ये पुरी झाली. त्यांची समाधी त्याच आवारात आहे. आराखडा लष्करी इंजिनिअर हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांचा. त्यांनी त्या काळच्या इंग्रजी गॉथिक पद्धतीने, लाल वीट आणि काळा दगड वापरून ही वास्तू बांधली. मनोरा सुमारे ९० फुटांचा. चर्चचा भास होतो तो या घडणीमुळे.

आत मात्र वेगळंच. मूर्ती नाही, चित्र नाही. हेखाल, म्हणजे तोरा या ज्यू धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या ठेवायचं कपाट, पश्चिमेकडे. कारण आपल्याकडून जेरुसलेम पश्चिमेला. मधोमध तेबा, म्हणजे वाचनाचा कठडेबंद चौथरा. स्त्रियांसाठी वर सज्जा. सामुदायिक प्रार्थनेला तेरा वर्षांवरचे किमान दहा पुरुष लागतात. १९४८ नंतर पुष्कळ कुटुंबं इस्राएलला गेली, तेव्हापासून ही दहाची संख्या जमवणं हीच मोठी अडचण. रास्ता पेठेतलं सुक्कथ शेलोमो हे बेने इस्राएल या ज्यू समाजाचं सिनेगॉग. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे 'शनिवार तेली' ते हेच, आणि घरची भाषा मराठी.

आता भिंतींकडे वळू, कारण जुन्या इमारती माणसांअभावी जितक्या खचतात, तितक्याच चुकीच्या डागडुजीनेही. त्या काळच्या विटांच्या दर्जा, म्हणजे विटांमधले सांधे, चुन्यात भरलेल्या असत. चुना विटेपेक्षा मऊ आणि सच्छिद्र. पावसाळ्यात भिंतीत शिरलेलं पाणी चुन्याच्या दर्जेतून बाहेर पडून सुकतं. त्यावर सिमेंट भरलं की ती वाट बंद होते. मग पाणी विटेतूनच सुकतं, त्यातले क्षार विटेच्या पृष्ठभागाखाली साचून फुगतात आणि विटेचे पापुद्रे सुटू लागतात. दर्जा जशीच्या तशी पुढे उभी राहते आणि वीट मागे झिजत जाते. हे दृश्य पुण्यातल्या अनेक जुन्या वाड्यांत दिसतं, तरी सिमेंटचं घमेलं थांबत नाही, याचं फार वाईट वाटतं.

योग्य रीत अशी. ढिली झालेली दर्जा हातछिन्नीने, रुंदीच्या किमान दुप्पट खोल, साधारण एक इंच खरवडायची. इथे यंत्राची चकती चालवू नये, विटेच्या कडा तुटतात. धूळ झाडून भिंत चांगली ओली करायची. मग एक भाग मुरवलेला चुना, अडीच ते तीन भाग चाळलेली वाळू, आणि ओल जास्त असेल तिथे थोडी सुरखी, म्हणजे विटांची पूड, घालून केलेला गारा थापीने दाबून भरायचा. ओल्या गोणपाटाखाली किमान आठवडाभर ठेवायचं. उन्हात भरभर सुकला की चुन्याची भुकटी होते. हे काम दिवाळीनंतर घ्यावं, भर उन्हाळ्यात नाही.

उंच मनोऱ्यांना दुसरा धोका पिंपळाचा. पक्ष्यांनी टाकलेलं बी फटीत रुजतं. वरून फांदी छाटून उपयोग नाही, मुळं आत जाडच होत राहतात. रोप बोटाएवढं असतानाच मुळासकट काढून फट चुन्याने बुजवावी. पन्हळी आणि पावसाचे नळ मेअखेर साफ हवेत.

बघायला जायचं असेल तर आधी परवानगी घ्या आणि ओळखपत्र जवळ ठेवा. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, असतो, तो वेळ टाळा. पुरुषांनी आत डोकं झाकायचं असतं. टोपी नसेल तर रुमाल चालतो.